डोळ्यापर्यंत न पोचलेलं औषध

माझे वडील तांडेल होते. शिडाच्या मालवाहू फत्तेमारीवर तांडेल म्हणजे कप्तानच, फक्त टोपी नाही आणि रुबाब नाही. नारळी पौर्णिमा झाली की ते रत्नागिरीच्या मांडवी बंदरातून निघायचे, कधी मुंबईला, कधी मलबारकडे, आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. लहानपणी मला बाबा म्हणजे पावसाळ्यातला पाहुणा वाटायचे. पडवीत बसून दोर वळायचे, माझ्यावर डाफरायचे, आणि समुद्र निवळला की चालते व्हायचे. त्यांच्याशी बोलायचं काय, हे मला कधी कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं.

मी मुंबईत रसायनशास्त्र शिकत होतो तेव्हा आई गेली. पुढे तिथल्याच एका प्रयोगशाळेत हाताखालचा माणूस म्हणून नोकरी लागली आणि मी गावाकडे फारसा फिरकलो नाही. एकोणीसशे तीस साल जवळ आलं होतं. एके दिवशी आमच्या आळीतला एक खलाशी विचारत विचारत प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला.

"तांडेलांना दिसत नाय आता," तो म्हणाला. "बंदरात शिरताना नांगरलेला मचवा दिसला नाय. घासून गेली फत्तेमारी. कोन काय बोललं नाय, पन त्यांनी सोताच सुकाणू सोडलं."

मी नोकरी सोडली. कर्तव्य वगैरे म्हणून नव्हे. मुंबईत माझं कुणाशी पटत नव्हतं, आणि तिथून निघायला एक सभ्य कारण मिळालं, एवढंच. रत्नागिरीच्या शाळेत शास्त्र शिकवायची जागा रिकामी होती. आगबोटीतून दोन ट्रंका आणि काचेच्या नळ्यांची एक पेटी घेऊन मी मांडवीला उतरलो. बाबा घ्यायला आले नव्हते. घरी गेलो तर पडवीत बसले होते, तोंड समुद्राकडे करून. माझ्या पावलांचा आवाज ऐकून म्हणाले, "कोन?"

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दिवा धरून दोन्ही डोळे तपासले आणि सांगितलं, मोतीबिंदू आहे, पण पिकलेला नाही. त्या काळी तो पुरता पिकल्याशिवाय शस्त्रक्रिया करत नसत. "दोन-तीन वर्षं जातील. तोवर थांबायचं," ते म्हणाले.

"आंबा हाय काय पिकायला?" बाबा बाहेर येऊन म्हणाले. "नायतर आढीत घालून बसतो गवतात."

ते हसले, मी हसलो नाही. मला चीड आली होती. माणूस आंधळा होत चाललाय आणि वैद्यकशास्त्र म्हणतं, पुरता आंधळा झाला की या. मला वाटलं, मला यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

आणि ठाऊक होतंही थोडंफार. मुंबईच्या प्रयोगशाळेत आम्ही सोमलाच्या, म्हणजे आर्सेनिकच्या, औषधांवर काम करत होतो. गुप्तरोगावर तेव्हा सोमलाची इंजेक्शनं देत. आमच्याच किनाऱ्यावरचे कितीतरी खलाशी ती घेऊन जायचे. ते औषध रोगाचे जंतू मारायचं आणि कधीकधी माणसालाही कायमचं झोपवायचं. का, याचा शोध घेताना एका पदार्थाशी गाठ पडली. तो प्राण्याच्या जवळपास प्रत्येक पेशीत असतो. त्याचं नाव ग्लुटाथायोन. त्यात गंधक असतं आणि सोमल नेमका त्या गंधकाला जाऊन चिकटतो.

या पदार्थाचं खरं काम मात्र निराळं. केळफूल चिरलं की हवेनं काळं पडतं, म्हणून आपल्याकडे ते चिरून लगेच ताकाच्या पाण्यात टाकतात. शरीराच्या आतही प्राणवायूमुळे तसंच काहीतरी काळवंडत, गंजत असतं, आणि ग्लुटाथायोन हे आतलं ताकाचं पाणी. हवेचा मारा ते स्वतःवर घेतं आणि बाकीच्यांना वाचवतं. डोळ्याच्या भिंगात ते फार असतं. आणि ज्या भिंगात मोतीबिंदू होतो त्यातून ते नाहीसं झालेलं असतं. एवढं मी वाचलं होतं. मग मला सरळ दिसलं: जे नाहीसं झालंय ते परत घालायचं. इतकं सोपं उत्तर मोठमोठ्या लोकांना सुचलं कसं नाही, असंही वाटलं. तेव्हा मी तिशीत होतो.

तो पदार्थ दिसत नाही, पण ओळखता येतो. ताज्या माशाचं भिंग काढून पाण्यात वाटायचं, त्यात एका क्षाराच्या पाण्याचे थेंब आणि थोडा अमोनिया टाकायचा. ग्लुटाथायोन असेल तर पाणी पिकल्या रातांब्याच्या रसासारखं लालजांभळं होतं. रंग टिकत नाही. बघता बघता विरतो. मासा शिळा असेल तर मुळी येतच नाही. पहिल्यांदा मागल्या पडवीत मी बांगड्याच्या डोळ्यावर ही परीक्षा केली तेव्हा बाबा बाजूला बसले होते.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"रंग आला."

"कसला?"

"रातांब्यासारखा."

"आनी आता?"

"आता चालला."

"सांगत जा," ते म्हणाले. "तुझी ती बाटल्यांची किणकिण नुसती ऐकून कळत नाय मला."

तेव्हापासून मी करताना बोलू लागलो. आता हे टाकतो, आता ते ढवळतो. आमच्यात एवढं बोलणं आधी कधीच झालं नव्हतं.

डोळे मला मिरकरवाड्याची एक मासेवाली देत असे. रोज सकाळी ती पाटी घेऊन यायची, मासे विकायची आणि मुंड्यांतले डोळे मला वेगळे काढून द्यायची. "मास्तरांचा नैवेद्य," असं म्हणायची. घरी येणारं तेवढंच एक माणूस. एकदा एका गिऱ्हाइकानं तिची सुरमई शिळी म्हणून नाकारली. ती त्या गिऱ्हाईक बाईला मासळीसकट माझ्या दारात घेऊन आली. "मास्तर, ह्यांना रंग काढून दावा!" मी सांगत होतो की ही परीक्षा त्यासाठी नाही, पण ऐकतंय कोण? रंग झकास आला. बातमी पाखाडीपाखाडीतून पसरली. मग कुणीही पापलेट घेऊन येऊ लागलं. शेवटी एक दिवस तिच्याच माशाचा रंग फिका आला. मी तसं बोललो. चार माणसांसमोर बोललो. मला गोड बोलता येत नाही, आणि तेव्हा तर अजिबात येत नव्हतं. त्या दिवसापासून ती आमच्या घरावरून तोंड फिरवून जाऊ लागली. डोळे मी स्वतः बंदरावर जाऊन आणू लागलो.

पण परीक्षा म्हणजे औषध नव्हे. औषधासाठी ग्लुटाथायोन भरपूर हवं, आणि ते यीस्टमध्ये, म्हणजे आंबवणाऱ्या किण्वात, भरपूर असतं. रत्नागिरीत किण्व कुठलं? विचार करत असताना नजर माडांकडे गेली. माडी आंबते ती किण्वानंच. माडीच्या मडक्याच्या तळाशी जो पांढुरका गाळ बसतो तो जवळजवळ सगळा किण्वच. गावाबाहेरच्या वाडीत माडी काढणारा एक भंडारी होता. तो गाळ फेकूनच द्यायचा. मी रोज सकाळी शाळेआधी किटली घेऊन त्याच्याकडे जाऊ लागलो.

नेमक्या त्याच दिवसांत गावात दारूबंदीची चळवळ जोरात होती. माडीच्या दुकानांपुढे निरोधन चाले. लोक हात जोडून उभे राहायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विनवायचे. एके सकाळी वाडीच्या तोंडाशी पाहतो तर माझ्याच वर्गातली मुलं रांगेनं उभी. माझ्या हातात किटली. मुलांना काय करावं कळेना. मग एकानं हात जोडले आणि बाकीच्यांनीही जोडले. "गुरुजी, घेऊ नका."

दोन शब्दांत समजावता आलं असतं. पण मला राग आला. मी काय घेतो आणि कशासाठी घेतो याचा खुलासा मी मुलांना द्यायचा? मी त्यांच्यामधून तसाच गेलो, किटली भरून तसाच परत आलो. दुपारी हेडमास्तरांनी बोलावलं. ते सज्जन गृहस्थ होते, खादी वापरायचे, आणि बोलताना समोरच्याकडे बघायचे नाहीत.

"माडी घेता असं ऐकतो."

"गाळ घेतो. माडी नाही."

"गाळही त्यातलाच ना?"

मी औषधाचं सांगितलं. ग्लुटाथायोन म्हणालो तेव्हा त्यांनी डोळे मिटले. दारुडे काय काय नावं शोधून काढतात, असा तो चेहरा होता. नोकरी गेली नाही, कारण शास्त्र शिकवणारा दुसरा मिळत नव्हता. पण लोकांनी मला बाजूला टाकलं. शिक्षकांच्या खोलीत मी शिरलो की बोलणं थांबायचं. सत्यनारायणाची बोलावणी बंद झाली. माझ्यासाठी सांगून येणारी एकदोन स्थळं होती, तीही बंद झाली. वाटेत भेटणारे लोक वास येतो का म्हणून एक पाऊल मागे सरकायचे. वास येत असेच. त्या गंधकाचा वास हाताला बसतो, साबणानं जात नाही.

बाबांना हे सगळं बाहेरून कळलं. "तुला माडीवाला म्हनतात," ते जेवताना म्हणाले. "आपल्या घरात दारूचा थेंब नाय आला कधी. तांडेल प्याला तर सगळी बुडतात."

"मग सोडू?"

त्यांनी चाचपून पाण्याचा तांब्या उचलला. "दिसंल काय त्यानं?"

"दिसेल," मी म्हणालो. माझा विश्वास होता.

गाळ धुवायचा, निवळू द्यायचा, कोमट पाण्यात जरासा व्हिनेगर घालून त्यातला अर्क उतरवायचा, गाळायचा, रंगाची परीक्षा करायची, मग पेला भरायचा. बाबा पडवीत मांडी घालून बसायचे. मी पेला हातात द्यायचो. ते एका दमात प्यायचे, तोंड वाकडं करायचे आणि विचारायचे, "आज रंग कसा होता?" मी सांगायचो. मग मी शाळेत जायचो. पुढे पुढे ते सावलीसुद्धा ओळखेनासे झाले. आधी माड दिसायचे बंद झाले, मग पडवीचा खांब, मग माझा हात. पेला देताना त्यांचा हात हवेत शोधायचा. मी त्यांची बोटं धरून पेल्याला लावायचो.

दुसऱ्या पावसाळ्यात मी एक प्रयोग केला, जो खरं तर पहिल्या दिवशी करायला हवा होता. बकऱ्याची शिळी भिंगं खाटकाकडून आणली. परीक्षा करून पाहिली, रंग नाही. मग तसलीच भिंगं माझ्या अर्कात दिवसभर बुडवून ठेवली, स्वच्छ धुतली आणि आतला गाभा काढून परीक्षा केली. रंग नाही. पुन्हा केली, अर्क दाट करून केली, मध घालून केली, गरम करून केली. बाहेरच्या सालीवर फिकट गुलाबी डाग यायचा, आत काही नाही. माझं औषध भिंगाच्या दारापर्यंत जात होतं आणि बाहेरच उभं राहत होतं. आणि हे तर नुसतं बुडवलेलं भिंग. बाबा पीत होते तो अर्क आधी पोटात जाणार, तिथेच त्याचे तुकडे होणार, डोळ्यापर्यंत काय पोचणार? डोळा स्वतःपुरतं ग्लुटाथायोन स्वतः आतच बनवतो, बाहेरचं उसनं घेत नाही, हे मला फार पुढे वाचायला मिळालं. औषध बनवणं म्हणजे चांगला पदार्थ शोधणं असं मी समजत होतो. ते अर्धंच काम. त्याला आत शिरता येईल असं रूप देणं हे उरलेलं अर्धं, आणि तेच अवघड. आज मोठ्या प्रयोगशाळांत माणसं आयुष्यभर तेवढंच करतात. मी ते एकटा, मागल्या पडवीत, एका किटलीवर करायला निघालो होतो.

दुसऱ्या सकाळी मी वाडीत गेलो नाही. बाबा मांडी घालून बसले आणि हात पुढे केला.

"आज दवा नाय?"

"उपयोग नाही बाबा. ते आत शिरत नाही. मी बघितलं."

"बरं," ते म्हणाले.

आठवडाभर दोघेही गप्प होतो. मी शाळेतून यायचो, भाताचं आधण ठेवायचो, जेवायचो आणि अंथरुणावर पडायचो. नळ्या पेटीत भरून टाकल्या होत्या. बोलायला विषय उरला नव्हता. घर इतकं गप्प झालं की पडवीतल्या बाबांचा श्वास मला आत ऐकू यायचा. मी मुंबईच्या नोकरीचा विचार करू लागलो होतो, पण तोंडानं बोललो नव्हतो.

आठव्या-नवव्या दिवशी बाबा ओरडले. खरंच ओरडले, फत्तेमारीवर ओरडायचे तसे. "दवा कुठं हाय? मी म्हातारा झालो म्हनून तू सोडून देनार काय? आन ती किटली!"

"पण बाबा, त्यानं काही..."

"मी पितंय ना? तुझं काय जातंय? तू कर!"

मला वाटलं, आशा सुटत नाही माणसाची. मी त्यांची समजूत काढायचा प्रयत्न केला नाही. पेटी उघडली. पुन्हा किटली, पुन्हा गाळ, पुन्हा पेला. रंग कसा आला ते मी सांगायचो आणि ते ऐकायचे. औषधाचा उपयोग नाही हे दोघांना ठाऊक होतं. तरी पाऊस असो, ताप असो, खंड पडला नाही.

शेवटी मोतीबिंदू पिकला. बाहेरगावाहून एक नामांकित शल्यवैद्य आले होते, त्यांनी सरकारी दवाखान्यात शस्त्रक्रिया केली. एकाच डोळ्याची. बाबा दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधून, डोक्याच्या दोन बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून पडून राहिले. हलायचं नाही असं सांगितलं होतं, आणि ते हलले नाहीत. डॉक्टर म्हणाले, असा रोगी पाहिला नाही. मी काढलेलं भिंग मागून घेतलं. ते वाटण्याच्या दाण्याएवढं, मधासारखं पिवळं, कडक होतं. घरी आणून वाटलं, थेंब टाकले आणि वाट बघितली. पाणी पाण्यासारखंच राहिलं. इतक्या वर्षांच्या पेल्यांतलं कणभरही त्यात पोचलं नव्हतं. हे मला आधीच माहीत होतं, तरी मी तिथे बसून रडलो.

जाड भिंगांचा चष्मा आला. बाबांनी तो चढवला, आधी स्वतःचे हात पाहिले, मग मला पाहिलं, मग उठून थेट बंदरावर गेले. दिवसभर आलेच नाहीत. त्या पावसाळ्यात ते रोज किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेल्या फत्तेमारीपाशी जाऊन बसायचे. घरी फक्त जेवायला. सकाळचा पेला आता लागत नव्हता, म्हणून सकाळही माझी एकट्याची झाली. पुढे नारळी पौर्णिमा झाल्यावर म्हणाले, "मलबारला जाऊन येतंय. सुकाणवाला माझ्याच हाताखालचा हाय. मी नुसता बसेन."

मी बंदरापर्यंत गेलो. होडीत चढताना त्यांनी माझा हात धरला नाही, आता गरज नव्हती. मला राहवलं नाही. मी विचारलं, "बाबा, औषधाचा उपयोग नाही सांगितलं होतं, मग का पीत राहिलात?"

ते चष्म्यातून समुद्राकडे बघत होते. "त्या आठवड्यात तू पेटी भरलीस," ते म्हणाले. "बाटल्यांचा आवाज बंद झाला. मला वाटलं, हा आता मुंबईस जानार. आनी मी त्या काळोखात एकटा." मग खलाशाला म्हणाले, "चल रे, ओहोटी लागंल."

त्यांनी मागे वळून पाहिलं की नाही, मला आठवत नाही. मी पाहत राहिलो. ते मला धरून ठेवण्यासाठी पीत होते, आणि दिसू लागल्यावर स्वतः निघून गेले. मला राग आला, आणि तो कुणावर काढायचा ते कळेना. घरी आलो तर पडवीत त्यांची जागा तेवढी गुळगुळीत होती.

दुसऱ्या सकाळी पाय सवयीनं वाडीकडे गेले. भंडाऱ्यानं न विचारता किटली भरली. मी गाळ धुतला, अर्क उतरवला, परीक्षा केली. रंग सुरेख आला. सांगायला कुणी नव्हतं. पेला भरला आणि हातात घेऊन उभा राहिलो. तोवर मी ते कधी चाखलं नव्हतं, एकदाही नाही. एक घोट घेतला. सडलेल्या अंड्यासारखी, आंबट, किळसवाणी चव होती, आणि तो घोट काही केल्या माझ्या घशाखाली उतरेना.